बेळगावच्या नळाला आरओ कशाला? शेवटच्या नळावर क्लोरीन मोजा

शहापूरकर

आमच्या भागात घरोघरी आरओ मशीन बसायला लागलीत. विकणारा मुलगा येतो, नळाच्या पाण्यात टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं मीटर बुडवतो, आकडा दाखवतो आणि घरातली माणसं घाबरून ॲडव्हान्स देतात. ही फसवणूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

बेळगावला पाणी येतं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप आणि घटप्रभेवरच्या हिडकल या धरणांतून. एकाचं शुद्धीकरण लक्ष्मीटेकला, दुसऱ्याचं बसवणकोळ्ळला. दोन्हीकडे घाटमाथ्यावरच्या पावसाचं पाणी, त्यात क्षार मुळातच कमी. आयएस 10500 या भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि आपलं धरणाचं पाणी त्याच्या पुष्कळ खाली असतं. 500 पेक्षा कमी टीडीएस असेल तिथं आरओला बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्येच केंद्र सरकारला सांगितलं होतं.

मुख्य म्हणजे त्या मीटरला जंतू दिसतच नाहीत. ते फक्त विरघळलेले क्षार मोजतं. मैलापाणी मिसळलेल्या पाण्याचा आकडाही 200 येऊ शकतो.

धोका वाटेत आहे. आमच्या कोपऱ्यावर एका घराची अर्ध्या इंचाची लोखंडी जीआय पाइप गटारातून आडवी गेली आहे. सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पाणी सुटलं की तिथून बारीक फवारा उडतो. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, आत पोकळी तयार होते आणि तोच सांधा गटाराचं पाणी आत ओढतो. काही दिवसांनी पुन्हा पाणी सुटतं तेव्हा ते सगळं आधी कुणाच्या तरी घागरीत पडतं. अशा वेळी वाचवतं ते पाण्यात शिल्लक राहिलेलं क्लोरीन. मानक सांगतं, नळाशी लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. टाकीपाशी भरपूर असतं, पण गल्लीच्या टोकाला किती उरतं? पाणी सुटलं त्या दिवशीचा, शेवटच्या नळाचा आकडा प्रत्येक वॉर्डात फलकावर लागला पाहिजे. आरओवर घालवतो तो पैसा आणि जोर या मागणीच्या मागे लावा.

अनगोळची आई

दादा, फलकाच्या मागणीवर सही करते. पण माझी मुलगी तीन वर्षांची आहे, तिला फलक लागेपर्यंत काय पाजू? आरओच्या पडद्यातून जंतूही जात नाहीत, हे तुम्ही लिहिलंच नाही. चोवीस तास पाण्याची योजना 2008 मध्ये शहराच्या काही भागात सुरू झाली, तेव्हापासून बाकीचे वाट बघतायत. पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्याकडे चहासारखं पाणी येतं. ज्याला परवडतं त्यानं मशीन लावलं तर त्याला फसलेला म्हणू नका.

शहापूरकर

ताई, फसवणूक मी विकणाऱ्याची म्हटली, घेणाऱ्याला नावं ठेवली नाहीत. पण आरओ जेवढं पाणी देतं त्याहून जास्त मोरीत सोडतं, आणि तेही काही दिवसांआड मिळणारं पाणी. जंतूंसाठीच हवं असेल तर पाणी गाळून उकळा, किंवा अतिनील किरणांनी जंतू मारणारं साधं यूव्ही मशीन घ्या. यूव्हीला मात्र पाणी स्वच्छ लागतं, गढूळ पाण्यात त्याचा उपयोग नाही. पहिल्या पावसात तुरटी फिरवून, निवळू देऊन, गाळून मगच वापरा.

अनगोळची आई

गाळा, निवळा, उकळा, थंड करा. सकाळी डबे करून कामावर निघणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं आहे हो.

वडगावचा प्लंबर

पाइपला नावं ठेवून होणार नाही. पाणी गढूळ येऊलंय म्हणून ओरडणारेच नळाला थेट मोटर लावतात. मी स्वतः कितीतरी घरांत बघितलंय. लाइनीत दाब नसताना मोटर ओढते म्हणजे काय ओढते? जवळच्या गळक्या सांध्यातनं जे मिळेल ते. तुमच्या मोटरीनं शेजारच्याच्या पोटात घाण जाते. खाली संप, म्हणजे जमिनीतली टाकी, आणि मोटर त्या संपाला, ही पद्धत पाळली तर निम्मा ताप कमी होईल. आणि संपाचं झाकण शेवटचं कधी उघडलं ते विचारा, आत शेवाळ नि झुरळं. वर कितीही क्लोरीन घाला, अशा संपात ते टिकत नाही. आधी आपलं घर बघा, मग फलक मागा.

शहापूरकर

मोटरीबद्दल शंभर टक्के मान्य. पण पाणी रोज दाबानं आलं तर मोटर लावेल कोण?

अथणीकर

शहरावरनं अख्ख्या जिल्ह्याला नियम लावू नका, एवढंच सांगायला लिहितोय. खानापूर-बेळगावकडे पाऊस, आमच्याकडे अथणी-रामदुर्ग पट्ट्यात बोअरचं पाणी. ते जड, काही ठिकाणी फ्लोराइडही. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. आमच्याकडची बाई पाच रुपयांचं नाणं घेऊन शुद्ध नीर घटकावर, म्हणजे गावातल्या शुद्ध पाण्याच्या केंद्रावर, वीस लिटरचा कॅन भरते, तो आरओच असतो, आणि गरज म्हणून असतो. जंतूंचं भयही आहेच. रामदुर्ग तालुक्यातल्या मुदेनूरमध्ये ऑक्टोबर 2022 मध्ये दूषित पाण्यानं कितीतरी लोक आजारी पडले. त्यामुळे 'आरओ कशाला' हे शीर्षक आमच्या माणसानं वाचलं तर चुकीचा अर्थ घेईल.

शहापूरकर

बरोबर आहे. माझं म्हणणं धरणाचं पाणी येणाऱ्या नळापुरतंच. बोअर असेल तर प्रयोगशाळेतून फ्लोराइड आणि नायट्रेट तपासूनच ठरवावं. शहरातल्या विहिरींनाही हेच लागू. काँग्रेस विहीर 1924 च्या अधिवेशनासाठी खोदली याचा आपल्याला अभिमान आहे, पण आता वस्तीतल्या विहिरींच्या शेजारी शोषखड्डे आणि नाले आहेत. त्यांतून झिरपणाऱ्या नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि चवीवरून ते कळत नाही.

टिळकवाडी, निवृत्त शिक्षक

चोवीस तास पाणी म्हणजे सगळ्यावर औषध, असा सूर लागलाय म्हणून लिहितो. हुबळी-धारवाडमध्ये या योजनेचा संशोधकांनी नीट अभ्यास केला. ठरावीक वेळ पाणी येणाऱ्या नळांच्या 31.7 टक्के नमुन्यांत ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू सापडला, अखंड पाण्याच्या नळांत 0.7 टक्के. शहापूरकरांचा मुद्दा यातून सिद्ध होतो. पण 2015 च्या पुढच्या अभ्यासात पाच वर्षांखालच्या मुलांच्या एकूण जुलाबात लक्षणीय फरक दिसला नाही. गरीब घरांत मात्र रक्ती आव कमी होती, आणि टायफॉइड एकूणच कमी. म्हणजे जास्त फायदा झाला तो ज्यांच्याकडे मशीन घ्यायला पैसे नाहीत त्यांना. म्हणून पाण्याच्या मीटरचं बिल गरिबाला झेपेल असं ठेवा, हा माझा आग्रह. नाहीतर तोच माणूस जोडणी तोडून पुन्हा हातपंपावर जाईल.

वडगावचा प्लंबर

बिल आलं की पाण्याची किंमत कळते सर. फुकट असलं की नळ उघडा टाकून लोक शेतावर जातात.

खासबागची वाचक

फलक लागला तर त्यावरची भाषा कोणती? सूचना फक्त कन्नडमध्ये असली की माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, त्या शेजारणीला विचारतात. पाणी उकळून प्या, एवढी सूचना तरी मराठीतही हवी. यात राजकारण नाही, आजाराचा प्रश्न आहे.

शहापूरकर

कन्नड आणि मराठी दोन्ही, आणि आकडा ठळक. तोवर गल्लीनं स्वतः मोजायला सुरुवात करू. क्लोरीन तपासायचं ओटी किट औषधांच्या घाऊक दुकानात विचारून बघा. पाणी सुटल्यावर नळ थोडा वेळ वाहू द्या, नमुना घ्या, थेंब टाका. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. अजिबात रंग नाही आला तर त्या दिवशीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका आणि तारीख, वेळ लिहून ठेवा. दहा घरांची अशी नोंद घेऊन नगरसेवकाकडे गेलो तर ती कोरी तक्रार राहणार नाही.

अनगोळची आई

किट आणते, नोंदही ठेवते. मशीन मात्र काढणार नाही.