मदत हवी आहे: मुदतपूर्व सुटका नाकारली, कारण दिलेले नाही

नात्यातील एक जण खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत आहेत. सत्र न्यायालयाने 2008 मध्ये दोषी ठरवले, अपील फेटाळले. प्रत्यक्ष तुरुंगवास 17 वर्षे. गृह विभागाचे एका ओळीचे पत्र आले आहे: महाराष्ट्र शासनाच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 24 वर्षांचा प्रवर्ग, म्हणजे 24 वर्षे झाल्यावरच सुटका. पुन्हा अर्ज करावा की थेट हायकोर्ट?

प्रतिसाद 1
आधी कागद. कैद्याने अधीक्षकांमार्फत लेखी अर्ज करून शासन आदेश, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत, पोलीस अहवाल, सल्लागार मंडळाची शिफारस आणि नॉमिनल रोल (कैद्याच्या शिक्षेचा तुरुंगातील तपशील) यांच्या प्रती मागाव्यात. जावक क्रमांक लिहून ठेवा, मुलाखतीत तोंडी केलेली मागणी कुठेच टिकत नाही. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2025 मध्ये सांगितले आहे की नकाराच्या आदेशात थोडक्यात का होईना, कारणे हवीत आणि तो आदेश लगेच कैद्याला कळवला पाहिजे.

खरी गोम मात्र प्रवर्गात आहे. दोषी ठरवले 2008 मध्ये, तेव्हा 2010 च्या आधीचे धोरण चालू होते. सुप्रीम कोर्टाच्या हरियाणा विरुद्ध जगदीश (2010) निकालाप्रमाणे दोषी ठरवल्याच्या दिवशीचे धोरण लागते. नंतरचे अधिक उदार असेल तरच नंतरचे. दोन्ही धोरणांतील प्रवर्गांचे तक्ते शेजारी ठेवून वर्षे ताडून पाहा.

न्यायाधीशांचे मत नुसते 'शिफारस नाही' एवढेच असेल तर तोही मुद्दा घ्या. सुप्रीम कोर्टाच्या रामचंदर (2022) निकालानुसार मताला पुरेशी कारणे लागतात: गुन्ह्याचा समाजावरील परिणाम, पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता, कुटुंबाची स्थिती वगैरे.

प्रतिसाद 2
दिवसांचा हिशोब स्वतः करा. जन्मठेपेत सुटकेआधी किमान 14 वर्षे प्रत्यक्ष तुरुंगवासाची जी अट आहे, तीत अंडरट्रायल (खटला चालू असतानाच्या कोठडीचा) काळ धरतात, माफीचे (शिक्षेतून सूट मिळालेले) दिवस नाहीत. गोव्याच्या नियमांखाली पॅरोलचा काळही वगळला जातो, हे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केले.

हायकोर्टातील रिट याचिकेत नुसती 'सोडा' अशी मागणी करू नका. आदेश रद्द करून ठरावीक मुदतीत, योग्य धोरणाखाली फेरविचार करा, अशी प्रार्थना मुख्य ठेवा. मोफत वकील हायकोर्ट विधी सेवा समितीकडून मिळेल. कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही.

धागाकर्ता
राज्यपालांकडे दयेचा अर्ज केला तर?

प्रतिसाद 1
घटनेच्या कलम 161 चा (राज्यपालांच्या दयेचा) मार्ग वेगळा आहे, 14 वर्षांची अट तिथे नाही. तोंडी सुनावणीचा हक्कही नाही (सुप्रीम कोर्टाचा केहर सिंग निकाल, 1988). राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे फाइल फिरून त्याच गृह विभागाच्या टेबलावर येणार. आधी प्रवर्गाचा वाद मिटवा.