30 सेकंदात 952 काढलं कसं बे त्यानं?

बर्डीकर: यूट्यूबवर काउंटडाउनची 1997 ची क्लिप पाहिली का कोणी? इंग्लंडच्या चॅनल फोरवरचा गेम, शब्द अन् आकड्यांचा. आकडे आले 25, 50, 75, 100, 3, 6 आणि काढायचे होते 952. आता हा पठ्ठ्या बोलून काय राहिला तर 100 अन् 6 मिळून 106, गुणिले 3 म्हणजे 318, मग गुणिले 75, त्यातून 50 वजा, भागिले 25, झाले 952! तेवीस हजारांवर जाऊन परत खाली कोण येते भाऊ? मले तर कागद-पेन घेऊनही जमलं नसतं.

ट्यूशनवाले सर: अरे तो तेवीस हजारांवर गेलाच नसेल. 75 भागिले 25 म्हणजे 3, 50 भागिले 25 म्हणजे 2. डोक्यात एवढंच, 318 त्रिक 954, वजा 2. पण 25 चा आकडा एकच आहे ना, दोनदा भागता येत नाही, म्हणून दोन्ही एकत्र करून शेवटी एकदाच भागलं. गुणाकार तर कोणीही करेल, खरी कमाल ही आहे की घड्याळ टिकटिक करत असताना हे सुचलं.

महालवाली: आमच्या आजोबांना पाऊणकी पाठ होती, ते 318 पाऊणशे असंच म्हणाले असते, 318 चे पाऊणपट साडे दोनशे अडतीस म्हणजे 238.5, त्याचे शंभरपट 23,850, झालं. आजकाल पोरांना पाढे म्हणा म्हटलं तर मोबाईल काढतात, जाऊ द्या तो विषय वेगळा.

फुटाळा_रात्री: काहून एवढा आटापिटा पण? 3 अन् 6 नऊ, नऊशे, त्यात 50, झाले 950. पाचच्या आत असलं की 7 पॉइंट भेटतात.

ट्यूशनवाले सर: हाव, पण बरोबर उत्तराचे 10, आणि जो जवळ जाते फक्त त्यालेच पॉइंट. त्यानं 952 सांगितलं की तुह्या 950 ले शून्य.

बर्डीकर: बाप रे. सर एखादं द्या ना सोडवाले.

ट्यूशनवाले सर: घे. 25, 50, 75, 100, 2, 7. काढ 640. युक्ती हीच लागते, उत्तर आज कोणी टाकू नका.

फुटाळा_रात्री: 650 वर अडकलो, 10 जास्त होऊन राहिले 😭