मदत हवी आहे: एक्सायटॉन दोषांमध्ये अडकतात की एकमेकांना संपवतात, हे वेगळं कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

पीएचडीच्या कामात गेले दोन महिने एकाच ठिकाणी अडकलेय. (एक्सायटॉन म्हणजे प्रकाश शोषल्यावर तयार होणारी, एकमेकांना बांधलेली इलेक्ट्रॉन आणि होलची जोडी.) इथे अल्ट्राफास्ट ऑप्टिक्सवाले कोणी असतील तर कृपया बघा.

नमुना म्हणजे चिकटपट्टीने सोलून काढलेला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर, जाडी ०.६५ नॅनोमीटर, खाली सिलिकॉन ऑक्साइड. रामन वर्णपटातल्या दोन शिखरांमध्ये १९ वेव्हनंबरांचं अंतर आहे, त्यामुळे थर एकच याबद्दल शंका नाही. ५३२ नॅनोमीटरच्या पल्स लेझरने उत्तेजित करून फोटोल्युमिनेसन्सचा डिके, म्हणजे नमुन्याने परत सोडलेला प्रकाश किती वेगाने विझतो ते मोजतेय.

सुरुवातीचा हिशोब जुळतो. आत जाणारा फोटॉन २.३३ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, बाहेर येणारा १.८५च्या आसपास. मधली जवळपास अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा फोनॉन (स्फटिकातल्या अणूंची कंपनं) नेतात, एकेक ऑप्टिकल फोनॉन साधारण ५० मिली-इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे दहाएक फोनॉन. हे पिकोसेकंदाच्या आसपास उरकतं. आमच्या सेटअपचा स्वतःचा प्रतिसादच ६० पिकोसेकंदांचा आहे, त्यामुळे तो भाग दिसणार नाहीच.

अडचण पुढची आहे. थंड झालेला एक्सायटॉन गंधकाचा अणू नसलेल्या जागी अडकून प्रकाश न देता संपतो. नाहीतर दोन एक्सायटॉन गाठ पडतात, एक संपताना आपली ऊर्जा दुसऱ्याला देतो आणि तो पुन्हा तापून फोनॉन सोडत खाली येतो. पॉवर वाढवली की पहिल्यात त्या जागा भरत जाऊन डिके मंदावायला हवा. दुसऱ्यात दर घनतेच्या वर्गाने वाढतो, म्हणजे डिके वेगवान व्हायला हवा.

मला दोन्ही दिसतंय. चौरस सेंटिमीटरला ०.१ ते १ मायक्रोज्यूलपर्यंत किंचित मंद, त्यापुढे स्पष्ट वेगवान. शोषण ५ टक्के धरलं तर १ मायक्रोज्यूलला दोन एक्सायटॉनमधलं सरासरी अंतर साधारण २७ नॅनोमीटर येतं. वरून पुन्हा ०.१वर आले की डिके पहिल्यासारखाच मिळतो, म्हणजे नमुना जळलेला नाही.

समीकरणात दोन्ही पदं घेतली की फिट सुंदर बसतो, पण दोषांचा दर दुप्पट धरून दुसरा कमी केला तरी तितकाच सुंदर बसतो! वेगवान भाग प्रतिसादाखाली दबलाय, त्यामुळे हे आकडे प्रबंधात लिहायला माझं मन धजत नाही. सगळ्या पॉवरचे डिके एकत्र, दोषांचा दर समान ठेवून फिट करणं ग्राह्य धरतात का?

दुसरा मार्ग २०१५ साली बर्कलीच्या गटाने दाखवलेल्या सुपरॲसिडचा (अतितीव्र आम्लाचा). त्याने दोष शांत होऊन क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनपैकी किती प्रकाश म्हणून परत येतात ते प्रमाण) ९५ टक्क्यांच्या वर गेलं होतं. तसं झालं तर उरलेला वेगवान भाग एक्सायटॉनच्या टकरीचाच. पण तीन आठवडे पट्टीवर पट्टी लावून मिळालेला १५ मायक्रॉनचा हा एकच फ्लेक (थराचा तुकडा) आहे आणि एकदा आम्लात गेला की मूळ नमुना परत मिळणार नाही. त्याआधी याच फ्लेकवर आणखी कोणतं मोजमाप करून ठेवू? द्रव नायट्रोजनची सोय आहे, पण ७७ केल्विनला दोषांना चिकटलेल्या एक्सायटॉनचं वेगळं शिखर वर येऊन गुंता वाढेल अशी भीती वाटते. कोणी केलंय का हे?