मदत हवी आहे: बेसाल्टमधला जुना कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) आणि प्रयोगात बनलेला नवा, वेगळे कसे मोजायचे?

बेसाल्टशी अभिक्रिया होऊन किती कार्बन डायऑक्साइड कार्बोनेट खनिजात अडकतो, ते मोजायचं आहे. दख्खनच्या बेसाल्टची ७५ ते १५० मायक्रॉनची पूड, १० ग्रॅमला १०० मिली पाणी, ऑटोक्लेव्हमध्ये (बंद दाबपात्रात) ९० अंश सेल्सिअस, ५० बार कार्बन डायऑक्साइड, २८ दिवस. टीजीएत (तापवत वजन मोजण्याच्या चाचणीत) ६०० ते ८०० अंशांदरम्यान कॅल्साइट फुटून वजन घटतं, पण प्रयोग न केलेल्या कोऱ्या पुडीतही घटतंच! खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजासोबत कॅल्साइट मुळातच आहे. पांढरे कण भिंगाखाली वेचले. बारीक शिरांतला राहतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यावर ऑलिव्हिन हे खनिज आणि बेसाल्टमधली ज्वालामुखी काचही झिजली. कार्बन डायऑक्साइडऐवजी नायट्रोजन भरून केलेली तुलनेची चाचणी अपुरी पडते, कारण कार्बन डायऑक्साइडच्या आम्लधर्मी पाण्यात जुना कॅल्साइट विरघळतो आणि दाब सोडताना पुन्हा साचतो. कार्बन-१३ (कार्बनचा जड समस्थानिक) समृद्ध वायू बजेटबाहेर. एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिजं ओळखणारं यंत्र), एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) हाताशी आहेत. पीएच ५ चा अ‍ॅसिटेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं सौम्य द्रावण) किती वेळ ठेवला तर कॅल्साइट जाईल, पण काच शाबूत राहील? की साध्या सिलिंडरच्या वायूचं डेल्टा कार्बन-१३ मूल्यच (कार्बन-१३ आणि कार्बन-१२ चं प्रमाण मानकाच्या तुलनेत) जुन्या कॅल्साइटपासून पुरेसं वेगळं दिसतं?