अनुभव धागा: लिहितो, पण किती जण वाचतात ते बघत नाही

बारवफिरस्ता
काल भाची आली होती. बोलता बोलता म्हणाली, "मामा, तुझ्या ब्लॉगला महिन्याला व्ह्यूज किती रे?" म्हटलं, माहीत नाही. तिला वाटलं मी आकडा सांगायला लाजतोय. खरंच माहीत नाही हे पटवता पटवता चहा गार झाला.

त्यावरून जुनं आठवलं. एके काळी ब्लॉगच्या कडेला जगाचा नकाशा लावायची टूम होती. वाचक जिथून आला तिथं लाल ठिपका. माझ्या नकाशावर पुणे-मुंबईवर मिळून एक जाडा ठिपका, अमेरिकेत चार-दोन, आणि एक थेट समुद्रात. त्या समुद्रातल्या वाचकाबद्दल मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. मग गूगलचं अ‍ॅनालिटिक्स लावलं आणि मजा संपली. कोण किती सेकंद थांबला, कुठल्या पानावरून पळाला, सगळा पंचनामा.

माझा विषय बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, आणि इतर जुन्या विहिरी. लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीवर लिहिलं की आकडा उड्या मारायचा, कारण लोक रविवारच्या सहलीआधी तेच शोधत असतात. आणि एखादी बिननावाची बारव, पायऱ्यांतून बाभळी वर आलेल्या, कोनाड्यातली मूर्ती झिजून नुसता दगड उरलेला, तिथं उन्हात टेप धरून मापं घेऊन लिहिलेल्या लेखाला काळं कुत्रं विचारत नसे. याचं दुःख नव्हतं. पण पुढेपुढे सकाळी गाडीला किक मारतानाच मनात यायला लागलं, "ही चालेल का?" विहीर चालेल का! त्याच आठवड्यात सगळे मोजमापवाले कोड काढून टाकले.

अडचण एकच. माझा ब्लॉग गूगलच्या 'ब्लॉगर'वर आहे, तिथं आत शिरलं की लेखांच्या यादीतच प्रत्येक नावासमोर आकडा छापलेला असतो. त्यावर उपाय सापडला. सेटिंगमध्ये ईमेलने पोस्ट टाकायची सोय आहे. एक गुप्त पत्ता बनवून घ्यायचा आणि त्यावर मेल करायचा, विषयाच्या जागी शीर्षक, खाली मजकूर, झालं. आत जायलाच लागत नाही. फोटो मात्र कधीकधी सगळे एका खाली एक येऊन पडतात.

तुम्ही कोणी असं करता का? ब्लॉगच पाहिजे असं नाही. चॅनेल, चित्रं, गाणं, काहीही चालेल.

नुसताच_वाचक
मी तुमचा ब्लॉग फीडवर वाचतो, म्हणजे वेगवेगळ्या साईटींचे नवे लेख एका जागी आपोआप येऊन पडतात तिथं. २०१३ ला गूगल रीडर बंद पडलं तेव्हा दुसऱ्या फीडरीडरवर गेलो, तिथं पूर्ण लेख येतो, तुमच्या पानावर मी पाऊल टाकतच नाही. म्हणजे तुम्ही आकडे बघत होतात तेव्हाही मी त्यात नव्हतो 😄

बारवफिरस्ता
@नुसताच_वाचक अहो मग एवढ्या वर्षांत एखादी कमेंट तरी!

नुसताच_वाचक
कमेंटीला पानावर यावं लागतं ना.

खमंग_काकू
माझं रेसिपीचं चॅनेल आहे, मुलाने काढून दिलंय. नवीन व्हिडिओ टाकला की यूट्यूबचं ते स्टुडिओ अ‍ॅप मागच्या दहा व्हिडिओंत याचा नंबर लावतं. तळणीच्या मोदकांचा व्हिडिओ टाकला आणि फोनवर आलं, १० पैकी १०. आमच्या ह्यांना वाटलं पैकीच्या पैकी मार्क पडले! खाली जाऊन कट्ट्यावर सांगून आले, कोपऱ्यावरून पेढे घेऊन आले. संध्याकाळी मुलगा म्हणतो बाबा दहावा नंबर म्हणजे शेवटचा. पेढे तोवर संपले होते. तेव्हापासून ते अ‍ॅप काढून टाकलंय, मुलगाच अपलोड करतो. मी मोदक कसे झाले तेवढंच बघते.

कोल्हापुरी_चप्पल
काकू लई भारी 😂😂 पेढे कुठले होते ते सांगा

टर्मिनलवाला
माझी साईट साध्या एचटीएमएलची, मोजणारं काहीच लावलेलं नाही. पण सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोणी कधी कुठलं पान मागितलं त्याची नोंद, असतोच. एकदा कुतूहल म्हणून उघडला तर निम्म्याहून जास्त यंत्रंच. सर्च इंजिनचे बॉट, आता त्यात एआयवाल्यांचे बॉट, आणि कोण कुठले दर काही मिनिटांनी वर्डप्रेसचं (साईट बनवायची तयार प्रणाली) लॉगिन पान मागणारे. माझ्याकडे वर्डप्रेस नाहीच! तरी कडी वाजवून जातात. जुन्या ब्लॉगरच्या आकड्यांत तर रशियातल्या कुठल्या कुठल्या साईटी 'वाचक पाठवल्याचं' दाखवायच्या. तुम्ही कुतूहलाने तिकडे क्लिक करावं एवढाच त्यांचा हेतू. असल्या आकड्यांवर कोणी खूश किंवा नाराज व्हायचं म्हणजे कमाल आहे.
आता लॉग आपोआप पुसले जातात अशी सोय केलीय.

बारवफिरस्ता
@टर्मिनलवाला थांबा, म्हणजे माझा समुद्रातला वाचक पण बॉट??

टर्मिनलवाला
वाचकाच्या इंटरनेट पत्त्यावरून जागा नीट कळली नाही की अशा प्रणाल्या कुठेतरी ठिपका टाकून मोकळ्या होतात. पण जहाजावरचा खलाशी असेल, आपण चांगलंच धरू.

वऱ्हाडी_ठेचा
बारवफिरस्ते भाऊ लिंबला येत्या रविवारी जायचं म्हणतोय, लहान पोरं सोबत हायेत. गाडी कुठं लावाची? लेखात सापडलं नाही.

बारवफिरस्ता
@वऱ्हाडी_ठेचा पुण्याकडून येत असाल तर साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाट्याला वळा, पुढे गावात कोणीही सांगेल. पोरांचा हात सोडू नका. आतला महाल बघायला सगळे धावतात, पण मोटा चालायच्या त्या वरच्या जागा आधी दाखवा, तिथून एवढं पाणी कसं काढायचे ते पोरांना लगेच कळतं. (आणि बघा, पार्किंग विचारणाराच आला शेवटी 😀)

पोटापाण्याचं_बोला
सगळे साधुसंत जमलेत म्हणून उलटं लिहितो. मी आकडे बघतो, दिवसातून कितीदाही. शेती-योजनांची माहिती मराठीत लिहितो आणि जाहिरातीचे पैसे येतात. अ‍ॅडसेन्सला (गूगलची जाहिरातींची सोय) १०० डॉलर जमल्याशिवाय एक पैसा हातात पडत नाही. मराठी वाचकाच्या क्लिकला भाव किती कमी आहे ते एकदा बघा म्हणजे कळेल १०० जमायला काय लागतं. कोणत्या लेखाला लोक येतात हे नाही बघितलं तर पीकविम्याची मुदत संपून गेल्यावर मी पीकविम्यावर लिहीत बसेन. नोकरी-पेन्शन असलेल्यांनी आकडे न बघणं सोपं आहे.

बारवफिरस्ता
@पोटापाण्याचं_बोला मान्य. माझी पेन्शन आहे. तुमच्या जागी असतो तर मीही बघितले असते.

निळी_शाई
@पोटापाण्याचं_बोला पटलं. पण पैशाचा संबंध नसलेलेही तेवढंच बघतात हो. आमच्या एका काकांची गोष्ट. रोज सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर स्वतःची चारोळी टाकतात. मग त्या मेसेजवर बोट दाबून 'माहिती'त जातात, कोणी वाचली कोणी नाही याची यादी बघतात, आणि दुपारी न वाचणाऱ्यांना फोन. "तब्येत बरी आहे ना? नाही, वाचलेलं दिसलं नाही." मी निळ्या टिका बंद केल्या होत्या, पण ग्रुपमध्ये ते चालत नाही, तिथं कळतंच. आता सकाळी उठून आधी चारोळी उघडते, मग दात घासते.

कोल्हापुरी_चप्पल
काकांचा नंबर द्या, आमच्या ग्रुपवर हजेरी घ्यायला माणूस पाहिजे

सातासमुद्रापार
मी स्वीडनमध्ये असतो. इथलं रोजचं लिहायचो, बर्फ, बस, ऑफिसातली कॉफी, कसलंही. वाचायला एकच जण, आई, रत्नागिरीत. ती झोपायच्या आधी वाचायची. माझ्या सकाळी आकडा १ दिसला की आई बरी आहे हे कळायचं, फोन नंतर व्हायचा. ती गेल्यावर ते पान उघडलं नाही. लिहितो अजून, तसंच, बसचं वगैरे. आकड्याची जागा झाकून टाकलीय.

खमंग_काकू
@सातासमुद्रापार बाळा, काय बोलू. लिंक दे. मी वाचत जाईन आणि आकडा नाही, चार ओळी लिहून कळवत जाईन.

सातासमुद्रापार
काकू थँक्यू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

आकाशवेडी
मी ऐंशीच्या दशकात आकाशवाणीवर हंगामी निवेदिका होते. बंद खोली, काचेपलीकडे ड्युटीवरचा माणूस, लाल दिवा लागला की बोलायचं. कोण ऐकतंय, ऐकतंय की नाही, काही कळायची सोय नाही. आठवड्यानं पत्रांचा गठ्ठा यायचा, १५ पैशांची पोस्टकार्डं, कडेकडेने आडवं-उभं लिहिलेली. 'आपली आवड'ची तर इतकी यायची की नावं वाचता वाचता दम लागायचा. एका कार्डावर गाण्याची फर्माईश नव्हतीच. "ताई, सोमवारी आवाज बसलेला होता, सुंठ घ्या", एवढंच, खाली सही आणि गाव. केंद्राने किती पत्रं आली त्याची नोंद ठेवली असेलच, मला ती कधी विचारावीशी वाटली नाही. सुंठ मात्र घेतली.

वऱ्हाडी_ठेचा
आपली आवडमदी माझ्या आजोबांचं नाव आलतं म्हणे, सगळ्या गावानं ऐकलं. बाकी कोनती गानी लागाची ताई?

आकाशवेडी
@वऱ्हाडी_ठेचा भावगीतं, चित्रपटगीतं, भक्तिगीतं, सगळी मिसळ. वेगळा धागा काढा, रात्रभर सांगते.

ग्रंथालयात_शांतता
मी गावच्या वाचनालयात आहे. आमचा अ, ब, क, ड वर्ग आणि त्यावर अनुदान. पुस्तकं किती, वर्गणीदार किती, देवघेव किती, सगळं रजिस्टरात हवं, तपासणी होते. वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबा सही करायला विसरले की मागे धावावं लागतं. दिवसभर हेच मोजते म्हणून घरी गेल्यावर मी जे लिहिते (गावातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवते) त्याचं काही मोजायचं नाही असं ठरवलेलं आहे. ओव्या सांगणाऱ्या एक आजी विचारतात, "कोन वाचतंया गं?" मी म्हणते मी वाचते. त्यांना तेवढं पुरतं, लगेच पुढची म्हणतात.

निळी_शाई
बहिणाबाईंचंच बघा ना. शेतात, जात्यावर गात राहिल्या, मुलाने टिपून ठेवलं. १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ ला कविता छापून आल्या. कुठले व्ह्यूज?

पोटापाण्याचं_बोला
@निळी_शाई दर वेळी बहिणाबाईंना मधे आणू नका हो. टिपून ठेवायला सोपानदेव होते, आणि छापायचा आग्रह धरायला अत्रे होते, म्हणून आपल्यापर्यंत आल्या. ज्यांचं कोणी टिपलं नाही त्या किती असतील? वाचक मिळणं ही चैन नाही.

ग्रंथालयात_शांतता
@पोटापाण्याचं_बोला हे खरं आहे. म्हणूनच उतरवते. वाचक नकोत असं नाहीच माझं, रोज मोजणं नको.

पडद्यामागचा
गोव्यातून. आमच्याकडे जत्रेत रात्रभर नाटक असतं, गावचेच नट. नवीन पोरगे पडद्याच्या फटीतून सारखे बघतात, किती माणसं आली, पहिल्या रांगेत कोण. आमचे जुने दिग्दर्शक फटीवर सेफ्टी पिना लावून ठेवायचे. म्हणायचे, मोजून आलेला नट पहिली दहा मिनिटं रिकाम्या खुर्च्यांशीच बोलतो. मी आता स्वतः नाटक बसवतो, मेकअपच्या पेटीत पिनांचं पाकीट असतंच.

रांगोळी_रोज
मी इन्स्टावर रांगोळ्या टाकते. २०२१ मध्ये लाइक लपवायचा ऑप्शन आला तेव्हाच चालू केला, दुसऱ्यांचे पण दिसत नाहीत. तरी आपल्या स्वतःच्या पोस्टवर बोट लावलं की आकडा दिसतोच, तेवढा मोह होतो. मैत्रिणी म्हणतात लपवतेस म्हणजे कमी असतील. असू देत. आधी रंग फक्त फोटोत उठून दिसणारे घ्यायचे, गुलाबी-निळा गुलाबी-निळा. हल्ली पांढऱ्या ठिपक्यांच्या, नुसत्या गेरूवरच्या काढते. शेजारच्या आजी थांबून बघतात. ओके बाय, कुकर झाला.

टर्मिनलवाला
ज्यांचं वर्डप्रेस आहे त्यांच्यासाठी, वरच्या काळ्या पट्टीत मागच्या ४८ तासांचा छोटा आलेख दिसतो ना, तो जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनने लपवता येतो. 'घटक निवडा' करायचं, त्यावर क्लिक, गायब. फोनवरच्या अ‍ॅपच्या सूचना वेगळ्या बंद कराव्या लागतात, नाहीतर "तुमच्या साईटवर गर्दी वाढतेय" म्हणून रात्री अकराला उठवतं.

निळी_शाई
@टर्मिनलवाला हे असं कोणी काकांच्या फोनवर करून देईल का 🙏

कोल्हापुरी_चप्पल
काकू, पेढ्यांचं राहू द्या, एक विचारायचं होतं. आमच्या घरच्या चकल्या दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. बायको म्हणते भाजणी, आई म्हणते तेल. दोघींच्या मधे मी.

खमंग_काकू
@कोल्हापुरी_चप्पल आच मोठी असणार. वरून पटकन लाल होतात, आत ओल राहते, मग मऊ पडतात. तेल आधी चांगलं तापवायचं, चकल्या सोडल्या की आच मध्यम, बुडबुडे बसले की काढायच्या. आणि गरम गरम डब्यात भरत असाल तर ते पहिलं बंद करा. मोहन जास्त झालं तर तेलात तुटतात, तो वेगळा रोग.

कोल्हापुरी_चप्पल
म्हणजे दोघी पण चुकल्या? हे घरात कोण सांगणार

खमंग_काकू
काकूंनी सांगितलं म्हणायचं. व्हिडिओ आहे माझा, तो दाखव दोघींना.