फॅकॉप्स की फ्लेक्सिकॅलिमेन? चिठ्ठ्या नसलेले ट्रायलोबाइट

निपाणीकर_मास्तर: कॉलेजच्या जुन्या कपाटात दोन ट्रायलोबाइट (खंडाखंडांचं कवच असलेल्या, नामशेष सागरी प्राण्यांचे जीवाश्म) आहेत, दोन्ही साधारण 3 सेंमी. नोंदवहीत दोन वंशांची नावं: एक फॅकॉप्स, एक फ्लेक्सिकॅलिमेन. चिठ्ठ्या मात्र गळून पडल्यात. एक गुंडाळलेला आहे, डोळे दोघांचेही झिजलेत. कशावरून ठरवायचं? शिवाय लोकापूरच्या (बागलकोट जिल्हा) चुनखडीत असले मिळतील का, म्हणून पोरं मागं लागलीत.

खानापूर_दगडवेडा: सर, डोळे राहू देत, आधी ग्लॅबेला बघा, म्हणजे डोक्यावरचा मधला उंचवटा. फॅकॉप्सचा पुढं रुंद होत फुगतो, वर बारीक दाणे. फ्लेक्सिकॅलिमेनचा उलटा: मागं रुंद, पुढं निमुळता, दोन्ही कडांना गाठी आणि त्यांतली सगळ्यांत मागची जोडी मोठी. इथंच बहुतेक निकाल लागतो.

खात्रीसाठी वक्षाचे, म्हणजे डोकं आणि पुच्छ (शेपटीकडची ढाल) यांच्यामधल्या भागाचे, खंड मोजा: फॅकॉप्सचे 11, फ्लेक्सिकॅलिमेनचे 13. घोळ होतो तो टोकांना. डोक्याच्या मागच्या काठाची पट्टी खंडात धरली की एक वाढतो, पुच्छाची पहिली कडी धरली की आणखी एक. मग 11 चे 13 होतात आणि फॅकॉप्सचा फ्लेक्सिकॅलिमेन! खंड सुटे असतात, म्हणून कडेला त्यांच्या टोकांमध्ये फट दिसते. पुच्छावर नुसत्या खाचा, कड सलग. गुंडाळलेला नमुना बाजूनं मोजा. 10 पट भिंग घ्या आणि टॉर्च अगदी आडवा धरा; वरून उजेड पडला की खाचा बुजतात.

डोळ्याचा तुकडा जरी शिल्लक असला तरी बघाच की. फॅकॉप्सची भिंगं मोठी, सुटी सुटी, भिंगानं एकेक मोजता येतात. फ्लेक्सिकॅलिमेनचे डोळे लहान, त्यात भिंगं दिसणं अवघडच.

चिकोडी_जीवाश्म: वरचं सगळं बरोबर, पण ते प्रजातीपर्यंत पोचवत नाही. जुन्या चिठ्ठीवरचा अमेरिकन ‘फॅकॉप्स राना’ आता एल्ड्रेजऑप्स राना म्हणतात. त्या गटात डोळ्यातल्या भिंगांच्या उभ्या रांगा मोजतात: राना प्रजातीत बहुधा 17, मिलेरी प्रजातीत 18. डोळे झिजलेले, तेव्हा वंशावर थांबा आणि पुढं ‘प्रजाती अनिश्चित’ लिहा.

नमुना मोरोक्कोचा असेल तर खोटेपणाही तपासा. हातातल्या भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले तर तो भाग राळेचा, म्हणजे रेझिनचा. दगडातली भेग जीवाश्मातूनही सलग गेलेली असेल तर तेवढा भाग खरा समजा; भेग जीवाश्माच्या काठाशीच थांबली तर शंका घ्या.

गाल (डोक्याच्या कडेचे सुटे भाग) गळालेला नमुना वेगळी जात समजू नका. बऱ्याचदा ती नुसती कात असते.

खानापूर_दगडवेडा: लोकापूरचं राहिलंच. कलादगी खोऱ्यातली ती चुनखडी शंभर कोटी वर्षांहून जुनी, ट्रायलोबाइट आले सुमारे 52 कोटी वर्षांपूर्वी. तिथं मिळाले तर स्ट्रोमॅटोलाइट मिळतील, म्हणजे सूक्ष्मजीवांनी रचलेले कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर. आपल्याकडचा काळा दगड लाव्हाचा, त्यात शोधूच नका. शहाबादी फरशीवरची झाडासारखी नक्षी मँगनीजची, वनस्पती नव्हे. पोरांना खरे बघायचे तर हिमाचलात स्पितीच्या पाराहिओ खोऱ्यात, तिथले कँब्रियन या प्राचीन कालखंडातले.