मदत हवी आहे: जेलीफिशमधलं लोह कशाच्या प्रमाणात मांडू?

मंडळी, नाशकात बसून जेलीफिशवर एमएस्सीचा प्रकल्प करतेय. आधी हसून घ्या, मग मदत करा. नमुने डहाणूच्या मच्छीमारांच्या जाळ्यातले, बर्फाच्या पेटीतून जव्हार-मोखाडा-त्र्यंबकमार्गे आणलेले.

खुल्या समुद्राच्या वरच्या थरात विरघळलेलं लोह बहुतेक ठिकाणी लिटरमागे १ नॅनोमोलही नसतं. दक्षिण महासागरात नायट्रेट मुबलक, पण वनस्पतीप्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची) वाढ लोहावाचून अडते. तिथले साल्प, म्हणजे जेलीफिशसारखेच लिबलिबीत, पारदर्शक पिंपासारखे प्राणी, पाणी गाळून बारीक कण खातात. त्यांच्या विष्ठेच्या गोळ्या दिवसाला शेकडो मीटर खाली जातात. धातू खोल नेणारे तेच आणि जाताजाता त्याच विष्ठेतून थोडं लोह पाण्यात सोडणारेही तेच. तरी आमचे मार्गदर्शक म्हणतात, "जेलीत असतं काय? पाणीच!"

घोडं पेंड खातंय ते आकड्यांत. नमुना ६० अंशांवर सुकवला की पेट्री डिशला पातळ पापुद्रा चिकटतो आणि त्यावर मिठाचे कण चमकतात. किलोभर जेलीफिशमधून ढोबळमानाने चाळीसेक ग्रॅम सुकं निघतं, त्यातलं तीसेक ग्रॅम निव्वळ मीठ. मग सुक्या वजनामागे लोह कमीच दिसणार की! माझ्या मते कार्बन किंवा फॉस्फरसच्या प्रमाणात मांडावं, म्हणजे मिठाचं वजन आड येणार नाही. सरांना पटवायला आणखी काय दाखवू?

मीठ धुवायचा प्रश्न आहेच. साध्या पाण्याने पेशी फुटतात, धातूही वाहून जातात. अमोनियम फॉर्मेटचं द्रावण प्लवकांसाठी वापरतात, सुकवताना ते उडूनही जातं. इतक्या लिबलिबीत ऊतींवर कुणी वापरलंय का?

शिवाय आयसीपी-एमएसवर (अणूंच्या वस्तुमानावरून धातू मोजणाऱ्या यंत्रावर) ५६ वस्तुमानाच्या लोहाच्या जागी यंत्रातल्याच आर्गॉनचा ऑक्साइड येऊन बसतो. तांबंही मोजतेय, तर ६३ वस्तुमानाच्या तांब्याच्या जागी आर्गॉन-सोडियम. एवढ्या खारट नमुन्यात तांब्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा कसा? ६५ वस्तुमानाचं तांबं मोजू का?

डहाणूचं पाणी गढूळ, त्यामुळे पोटातला गाळही मोजणीत येतो. ॲल्युमिनियम मोजून त्यावरून गाळ किती ते काढतेय आणि मातीतलं लोह वजा करतेय. छत्री आणि भुजा वेगळ्या कराव्यात का? करायच्या तर स्टीलची कात्री बाद, आणि प्लास्टिकची सुरी जेलीवरून नुसती घसरते. सिरॅमिकची सुरी नाशकात कुठे मिळेल तेही सांगा. भांडी बाजारात विचारलं तर सगळे स्टीलच पुढे करतात.